दारिद्र्यावरील उपायांची कसोटी घेणारी अर्थशास्त्राची प्रयोगशाळा

प्रयोगशाळा म्हटली की परीक्षानळ्या, सूक्ष्मदर्शक यंत्रे आणि पांढरे अंगरखे डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, या विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात २००३ साली स्थापन झालेल्या प्रयोगशाळेत मात्र यांपैकी काहीही नाही. तिचे प्रयोग खेडेगावांत, शहरांतील वस्त्यांत आणि प्राथमिक शाळांत चालतात. दारिद्र्य निर्मूलनासाठी होणाऱ्या खर्चातून गरिबांच्या जीवनात खरोखर काही फरक पडतो का, या एकाच प्रश्नाचे उत्तर शोधणे हे तिचे कार्य आहे.

अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि सेंधिल मुल्लैनाथन हे या प्रयोगशाळेचे संस्थापक होत. २००५ मध्ये तिला ‘अब्दुल लतीफ जमील पॉव्हर्टी ॲक्शन लॅब’ हे नाव देण्यात आले. संक्षेपाने ती ‘जे-पाल’ म्हणून ओळखली जाते. तिचे दक्षिण आशिया केंद्र २००७ मध्ये चेन्नई येथील इन्स्टिट्यूट फॉर फायनान्शियल मॅनेजमेंट अँड रिसर्च या संस्थेच्या सहकार्याने सुरू झाले. बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना जागतिक दारिद्र्य कमी करण्यासाठी प्रायोगिक पद्धतीचा अवलंब केल्याबद्दल २०१९ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार देण्यात आला. बॅनर्जी यांचा जन्म मुंबईत झाला असून त्यांच्या मातोश्री, अर्थतज्ज्ञ निर्मला बॅनर्जी, या माहेरच्या पाटणकर होत.

चाचणीची पद्धत

एखाद्या गावात योजना राबविल्यानंतर तेथील उत्पन्न वाढले, तर ती वाढ योजनेमुळे झाली की चांगल्या पावसामुळे, हे केवळ आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांवरून सांगता येत नाही. योजनेचा लाभ घेणाऱ्यांची तुलना लाभ न घेणाऱ्यांशी करावी, तर पुढाकार घेणारी माणसे मुळातच अधिक उद्यमशील असण्याचा संभव असतो.

औषधांच्या चाचणीत वैद्यकशास्त्राने या अडचणीवर शोधलेला उपाय जे-पालच्या संशोधकांनी अर्थशास्त्रात व्यापक प्रमाणावर वापरला. गावांची, शाळांची किंवा कुटुंबांची यादी करून सोडत पद्धतीने तिचे दोन गट पाडले जातात. एका गटात योजना राबविली जाते, तर दुसऱ्या गटातील परिस्थिती पूर्वीप्रमाणेच राहते. गट पुरेसे मोठे असतील तर ते सरासरीने सारखेच असतात. त्यामुळे पुढे दोहोंत जो फरक आढळतो, तो योजनेचा परिणाम मानता येतो. या पद्धतीस ‘यादृच्छिक नियंत्रित चाचणी’ असे म्हणतात.

मुंबईतील शाळा, उदयपूरमधील लसीकरण

या पद्धतीचा एक प्रारंभीचा प्रयोग ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या सहकार्याने मुंबई व वडोदरा येथील महापालिका शाळांत झाला. अभ्यासात मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना वस्तीतीलच एक तरुणी, म्हणजे ‘बालसखी’, दररोज सुमारे दोन तास वेगळे बसवून वाचन व गणिताची मूलतत्त्वे शिकवीत असे. या उपक्रमामुळे मुलांचे गुण लक्षणीय वाढले, असे दिसून आले. इयत्तेऐवजी मुलाच्या प्रत्यक्ष पातळीनुसार शिकविण्याची पद्धत पुढे अनेक राज्यांत आणि आफ्रिकेतील काही देशांत स्वीकारण्यात आली.

राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात ‘सेवा मंदिर’ या संस्थेसह १३४ गावांत लसीकरणाचा प्रयोग करण्यात आला. काही गावांत दरमहा नियमित शिबिरे भरविण्यात आली. अन्य काही गावांत शिबिरांच्या जोडीला प्रत्येक लसीमागे एक किलो डाळ आणि सर्व लसी पूर्ण झाल्यावर थाळ्यांचा संच देण्यात आला. योजना नसलेल्या गावांत पूर्ण लसीकरण झालेली बालके ६ टक्के होती. केवळ शिबिरांच्या गावांत हे प्रमाण १८ टक्के, तर डाळ दिलेल्या गावांत ३९ टक्के आढळले. शिबिरास अधिक बालके आल्यामुळे प्रत्येक बालकामागील खर्च डाळीची किंमत धरूनही सुमारे निम्म्यावर आला.

सूक्ष्म कर्जाचे वास्तव

वित्तव्यवहाराच्या क्षेत्रात या प्रयोगशाळेचे सर्वाधिक चर्चिले गेलेले संशोधन सूक्ष्म कर्जाविषयी आहे. बांगलादेशातील ग्रामीण बँक आणि तिचे संस्थापक मुहम्मद युनूस यांना २००६ चा शांततेचा नोबेल पुरस्कार मिळाल्यानंतर, महिलांना गटामार्फत दिलेली लहान कर्जे दारिद्र्यातून बाहेर पडण्याचा मार्ग ठरतील, अशी आशा जगभर व्यक्त होत होती.

ही आशा तपासण्यासाठी हैदराबादमधील १०४ वस्त्या निवडण्यात आल्या. त्यांपैकी सोडतीने निघालेल्या ५२ वस्त्यांत ‘स्पंदना’ या वित्तसंस्थेने प्रथम शाखा उघडल्या. सुमारे दीड वर्षानंतर साडेसहा हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी झाली. ज्यांचा आधीपासून व्यवसाय होता त्यांनी त्यात अधिक गुंतवणूक केली होती, टिकाऊ वस्तूंची खरेदी वाढली होती आणि चहा, तंबाखू यांसारख्या बाबींवरील खर्च घटला होता. परंतु आरोग्य, मुलांचे शिक्षण आणि घरातील निर्णयांत स्त्रियांचा सहभाग यांत उल्लेखनीय बदल आढळला नाही. भारतासह बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को या सहा देशांतील अभ्यास २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांचाही निष्कर्ष असाच होता: कर्जाचा लाभ माफक होतो, मात्र जीवन पालटून जात नाही.

याचा अर्थ सूक्ष्म कर्ज निरुपयोगी आहे, असा होत नाही. हैदराबादमधील ज्या कुटुंबांचा आधीपासून व्यवसाय होता, त्यांना झालेला लाभ सहा वर्षांनंतरही टिकून होता. कोलकात्यातील दुसऱ्या एका प्रयोगात काही कर्जदार महिलांना पहिला हप्ता दोन महिन्यांनी भरण्याची मुभा देण्यात आली. त्यांनी व्यवसायात अधिक पैसा गुंतविला आणि कालांतराने त्यांचा नफाही वाढला. त्याच वेळी थकबाकीदेखील वाढली. लगेच सुरू होणारा हप्ता संस्थेचे पैसे सुरक्षित ठेवतो, पण कर्जदाराला धोका पत्करू देत नाही, हे यातून स्पष्ट झाले.

ऑक्टोबर २०१० मध्ये आंध्र प्रदेश सरकारच्या अध्यादेशानंतर तेथील कर्जवसुली ठप्प झाली आणि वित्तसंस्थांकडील निधी देशभर आटला. राज्याबाहेरील ज्या जिल्ह्यांना याचा अधिक फटका बसला, तेथे मजुरांची रोजंदारी व कुटुंबांचा खर्च घटल्याचे नंतरच्या संशोधनात आढळले. म्हणजे स्वतः कर्ज न घेतलेल्या मजुरालाही कर्जपुरवठा थांबल्याची झळ पोहोचली.

आक्षेप आणि मर्यादा

या पद्धतीवर आक्षेपही घेण्यात आले आहेत. २०१५ चे नोबेल विजेते अँगस डीटन यांच्या मते, अशा चाचण्यांना इतर पद्धतींहून श्रेष्ठ मानण्याचे कारण नाही आणि एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे तसाच लागू पडेल याची खात्री नसते. केनियात कंत्राटी शिक्षक नेमण्याचा उपक्रम स्वयंसेवी संस्थेने राबविला तेव्हा मुलांचे गुण वाढले. तोच शासकीय यंत्रणेने राबविला तेव्हा परिणाम दिसला नाही. सोडतीत ज्यांचे नाव आले नाही त्यांना मदतीपासून दूर ठेवणे कितपत न्याय्य, हा नैतिक प्रश्नही विचारला जातो. निधी अपुरा असल्याने सर्वांना एकाच वेळी लाभ देणे शक्य नसेल, तर सोडत हाच निष्पक्ष मार्ग ठरतो, असे यावर संशोधकांचे उत्तर असते. व्यापारनीती, चलनवाढ किंवा जमीन सुधारणा यांसारख्या मोठ्या प्रश्नांची अशी चाचणी घेणे सहसा शक्य नसते, ही मर्यादाही लक्षात घ्यावी लागते.

तरीही, चांगल्या हेतूने केलेला खर्च हा सत्कारणीच लागतो, हे गृहीतक या प्रयोगशाळेने तपासायला लावले. डाळीच्या एका पाकिटाने लसीकरणाचे प्रमाण दुपटीहून वाढते आणि गाजावाजा झालेल्या कर्जयोजनेचा परिणाम मात्र माफक ठरतो, हे मोजल्यावाचून समजले नसते. ज्या देशात कल्याणकारी योजनांवर दरवर्षी प्रचंड निधी खर्च होतो, तेथे अशा मोजमापाचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.