तुरटीचे पाणी आणि डायलिसिस

पावसाळ्यात वैनगंगा गढूळ झाली की पाण्यात तुरटीचा खडा फिरवायचा किंवा निवळीचे बी उगाळायचे, ही गडचिरोली-चंद्रपूरकडची जुनी रीत. तुरटी हा अ‍ॅल्युमिनियमचा क्षार. तो गाळाचे कण एकत्र करून तळाशी बसवतो. शहरांची जलशुद्धीकरण केंद्रेही याच जातीचा क्षार वापरतात. निरोगी माणसाला त्याची बाधा होत नाही. आतडे पाण्यातले अ‍ॅल्युमिनियम शेकडा एकाहूनही कमी शोषते आणि तेवढे मूत्रपिंड बाहेर टाकते.

डायलिसिसमध्ये हे दोन्ही राखणदार नसतात. मूत्रपिंड निकामी झालेले असते आणि एका वेळी सुमारे 120 लिटर पाणी केवळ एका पातळ पडद्याआडून रक्ताला भिडते.

1972 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या अ‍ॅलन आल्फ्रे यांनी डायलिसिसच्या रुग्णांतील एका विचित्र आजाराची नोंद केली: बोलताना अडखळणे, अंगाला झटके, विस्मृती आणि काही महिन्यांत मृत्यू. 1976 मध्ये त्यांनी अशा मृतांच्या मेंदूत अ‍ॅल्युमिनियम मोजले. ते सामान्य मेंदूच्या सुमारे अकरा पट भरले. संशय आधी रक्तातला फॉस्फेट आटोक्यात ठेवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या गोळ्यांवर गेला. पण इंग्लंडमधील न्यूकॅसलला रुग्णांची हाडेही मोडत होती. तिथल्या डॉक्टरांनी 1978 मध्ये बोट ठेवले ते नळाच्या पाण्यावर. पाण्यातून अ‍ॅल्युमिनियम काढून टाकल्यावर आजार ओसरला.

तरीही धडा पुन्हा गिरवावा लागला. 1996 मध्ये कॅरिबियन समुद्रातील कुरासाव बेटावर नव्या जलवाहिनीच्या सिमेंटच्या अस्तरातून अ‍ॅल्युमिनियम पाण्यात उतरले आणि डायलिसिसचे दहा रुग्ण दगावले.

आपल्याकडे जिल्हा रुग्णालयांपर्यंत डायलिसिस नेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2016 मध्ये जाहीर झाला. नागपूरची वारी आठवड्यातून दोन-तीनदा ज्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठी ही सोय म्हणजे जीवदानच. मात्र पिण्याच्या पाण्यात लिटरला 0.2 मिलिग्रॅमपर्यंत अ‍ॅल्युमिनियम चालते. डायलिसिसच्या पाण्याची मर्यादा 0.01, म्हणजे विसावा हिस्सा. नदी गढूळली की तुरटीची मात्रा वाढते, आणि नेमक्या त्याच दिवसांत आरओ यंत्रणेची आणि पाण्याच्या तपासणीची खरी परीक्षा असते. घरातली तुरटी निर्दोषच आहे. पण निवळलेले पाणी डोळ्यांना दिसते, त्यात विरघळलेले अ‍ॅल्युमिनियम दिसत नाही. ते मोजावेच लागते.