पटाच्या कडेची पाटी

धानाची कापणी-मळणी आटोपली की भंडारा जिल्ह्यात बैलांच्या शर्यतींच्या पाम्पलेटांचा हंगाम येतो. पातळ गुलाबी कागद, वर जाड अक्षरांत ‘भव्य इनामी शंकरपट’, त्याखाली बक्षिसांची उतरंड आणि प्रत्येक रकमेपुढे ‘यांचेकडून’. अगदी तळाशी, कागदाच्या काठाला चिकटून, चौकटीत बसवलेली दुकानं: कृषी केंद्र, कापड दुकान, मोबाइल शॉपी. शर्यतीनंतर रात्री होणाऱ्या नाटकाचं नाव मध्येच कुठेतरी कोंबलेलं. वाचणारा आधी बक्षीस बघतो, मग तारीख. चौकटींसाठी कोणी कागद उचलत नाही, पण दुकानाचं नाव डोळ्यांखालून जातंच.

व्हिडिओ गेममधली जाहिरात याच कागदातून निघाली, असं कोणी म्हटलं तर लोक हसतील. पण बैल धावतात ती धावपट्टी, सोंगट्या चालतात तो सारीपाट आणि दुकानावर लटकते ती पाटी, हे तिन्ही शब्द एकाच घरातले आहेत हे एकदा ध्यानात आलं, की गप्प बसवत नाही. संस्कृतात ‘पट्ट’ म्हणजे फळी, फलक, लांब पट्टी. त्याचा मराठीत ‘पाट’ झाला. ‘पट्टिका’ची ‘पाटी’ झाली. शर्यतीची जागा, खेळाची जागा आणि जाहिरातीची जागा यांना भाषेनं फार आधीच एका कुळात बसवून टाकलं होतं.

अडचण आहे ती ‘शंकरपट’ या शब्दाची. यातला ‘पट’ कुठला?

पहिला दावेदार म्हणजे संस्कृत ‘पट’, कापड. चौसर कापडाच्या पटावर खेळतात, मोक्षपट रंगवलेल्या पटावर, तेव्हा खेळाच्या मैदानालाही पट म्हटलं असेल, असं हा पक्ष सांगतो. ऐकायला गोड आहे, पण भाषेच्या हिशोबात बसत नाही. लोकांच्या तोंडून झिजत आलेल्या शब्दांत दोन स्वरांमधल्या एकट्या ‘ट’चा ‘ड’ होतो. वटाचा वड झाला, घटाचा घडा. त्या न्यायानं कापडाचा पट गावात पोचेपर्यंत ‘पड’ व्हायला हवा होता. तो झाला नाही. म्हणजे एकतर हा पंडितांनी पोथीतून उचललेला शब्द आहे, नाहीतर त्याचं मूळ दुसरं आहे. बैलांच्या शर्यतीचं नाव ठेवायला पोथी उघडून कोण बसलं असेल?

दुसरा पक्ष म्हणतो, हा आवाजाचा शब्द आहे. पटकन, पटापट, त्यातलाच पट. खुरांचा आवाज ऐकलेल्या माणसाला ही व्युत्पत्ती नाकारणं जड जाईल. पण मग नुसत्या ‘पटाला चाललो’ या बोलण्यात जागा आणि प्रसंग एकदमच कसे येतात? आवाजावरून क्रियाविशेषणं भराभर तयार होतात, मैदानांची नावं सहसा होत नाहीत.

उरतो ‘पट्ट’. त्याच्यावर आक्षेप असा की त्याचा ‘पाट’ व्हायला हवा, ‘पट’ नव्हे. सुटा शब्द असता तर तसंच झालं असतं. पण समासाच्या शेपटीला आला की हा शब्द आखडतो, त्याची साक्ष रोजच्या बोलण्यात आहे. कानशिलाला ‘कनपट’ म्हणतात. त्यातला ‘पट’ कापडाचा खासच नव्हे, तो फळीसारख्या सपाट भागाचा. सोंगट्यांच्या खेळाचं ‘चौपट’ हे नावही बहुधा चार पट्ट्यांवरूनच आलं. अधिक चिन्हासारखा तो पट डोळ्यांपुढे आणला तर चार पट्ट्या मोजता येतात. कनपट, चौपट, शंकरपट. शेवटची धावपट्टी, एवढाच फरक. खुद्द ‘पट्ट’ आर्येतर भाषांतून संस्कृतात शिरला असावा असं काही अभ्यासक मानतात. भंडारा ज्यात मोडतो त्या झाडीपट्टीतल्या माणसाला इथे लगेच गोंडी भाषेकडे बोट दाखवावंसं वाटेल (झाडीपट्टीतही ‘पट्टी’ आहेच!), पण तो मोह आवरलेला बरा.

‘शंकर’ मात्र फारसा वादाचा नाही. बैल म्हणजे नंदी, नंदी म्हणजे शंकर. झाडीबोलीत ‘श’ टिकत नाही म्हणून तोंडी ‘संकरपट’ होतो. साकोलीकडचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचे असे विशेष आयुष्यभर टिपले.

आता पडद्यावरच्या पटाकडे.

गेममधली पहिली जाहिरात म्हणून 1978च्या ‘अ‍ॅडव्हेंचरलँड’चं नाव घेतात. त्यात कर्त्यानं आपल्याच पुढच्या खेळाची जाहिरात घुसवली होती. 1983 साली सरबताच्या पुडीवर आणि कुत्र्याच्या खाण्यावर अख्खे खेळ निघाले. हे टप्पे सगळीकडे लिहिलेले असतात. पण त्या कथांत जो मधला टप्पा एका ओळीत उरकतात, तोच या कुळकथेचा कणा आहे. 1982 साली जपानच्या नाम्को कंपनीनं ‘पोल पोझिशन’ हा मोटारशर्यतीचा खेळ काढला. फुजीच्या खऱ्या धावपट्टीवर बेतलेला रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला पाट्या. जपानी आवृत्तीत पेप्सी होती, कॅनन होता, मार्लबोरो सिगारेटही होती. तेंदूपत्त्याच्या आणि विडीच्या जिल्ह्याला यात नवल वाटू नये. शर्यत आणि धूर यांची सोयरीक जुनी आहे.

खेळणारे त्या पाट्यांवर चिडले नाहीत. खऱ्या शर्यतीच्या कडेला पाट्या असतातच, तेव्हा पडद्यावर त्या नसत्या तर रस्ता ओकाबोका दिसला असता. पुढे 2008 साली बराक ओबामांच्या प्रचाराची पाटी गेममध्ये लागली, तीही ‘बर्नआउट पॅराडाइज’ या गाड्या पळवायच्या खेळात. जाहिरातीला गेममध्ये शिरायला दार हवं होतं, ते धावपट्टीच्या कडेला सापडलं, असा या लेखाचा दावा आहे. विरुद्ध बाजू फुटबॉलच्या मैदानाकडे बोट दाखवेल. पण तिथेही पाट्या रेषेच्या बाहेरच असतात, म्हणजे पुन्हा कडच आली.

कड सुटली की काय होतं, ते 2020 साली ‘यूएफसी 4’ या मारामारीच्या खेळात दिसलं. पैसे मोजून घेतलेल्या या खेळात, लढतीतला क्षण पुन्हा दाखवण्याच्या वेळी एका वेबमालिकेची जाहिरात पडदाभर येऊ लागली. खेळणारे असे खवळले की कंपनीला ती काढून टाकावी लागली. एरवी त्याच खेळाच्या रिंगणाच्या चटईवर कंपन्यांची नावं असतात, त्यांच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नव्हतं. राग जाहिरातीचा नव्हता, ती आडवी आल्याचा होता.

तिसरा प्रकार फोनवर वाढला. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा ‘लुडो किंग’ 2016 साली आला आणि 2020च्या टाळेबंदीत घराघरांत पसरला. लुडो म्हणजे इंग्लंडात 1896 साली पेटंट घेऊन आलेली आपलीच पचिसी, म्हणजे पुन्हा पट. फुकटच्या अशा खेळांत जाहिरात पूर्ण बघितली तर नाणी मिळतात. खेळणारा ती आपण होऊन लावतो आणि कुरकुरत नाही. पाम्पलेटवरचं ‘यांचेकडून’ ते हेच. बक्षीस देणाऱ्याचं नाव माइकवरून चारदा पुकारलं तरी पटावर कोणी कानावर हात ठेवत नाही. बैलजोडीच्या मालकाला तर ते नाव पाठ असतं. रात्री नाटकात दोन प्रवेशांच्या मधे देणगीदारांची नावं वाचतात, तेव्हाही लोक चहा पिऊन येतात. ऐन रंगात आलेल्या प्रवेशात वाचली तर मात्र शिट्ट्या पडतील.

योग असा, की फोन गावात शिरला त्याच काळात पट बंद होता. 7 मे 2014च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती थांबल्या, 16 डिसेंबर 2021ला महाराष्ट्रात पुन्हा परवानगी मिळाली आणि 18 मे 2023ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या साडेसात वर्षांत पटाच्या आधारानं लागणाऱ्या नाटकांचे प्रयोगही रोडावले. त्या वर्षांत वयात आलेल्या पोरांनी धावपट्टी आधी पडद्यावर बघितली. पडद्यावर रमीच्या जाहिरातीही होत्या; पैशांच्या खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा ऑगस्ट 2025 मध्ये झाला.

आता पट पुन्हा भरतो, आणि धावपट्टीच्या दोन्ही अंगांना माणसांइतकेच फोन उभे असतात. संध्याकाळपर्यंत जोड्यांच्या धावा यूट्यूबवर चढतात. घरी राहिलेला म्हातारा नातवाला म्हणतो, लाव बरं आपल्या गावची जोडी. नातू बोट लावतो. आधी एका साबणाची जाहिरात येते, पंधरा सेकंदांची, न वगळता येणारी. जोडीची धाव त्याहून लवकर संपते.