रूपकुंडचा बर्फ

रूपकुंडाला जाऊन आलेला माणूस भेटला, तर त्याला आधी एवढेच विचारावे : गेला होतात कोणत्या महिन्यात? वैशाखात किंवा ज्येष्ठाच्या आरंभी गेलेला असेल, तर तो सांगेल की, तिथे पाहण्यासारखे काही नाही. बर्फाची एक पांढरी वाटी आहे, आणि वाटाड्याने बोट दाखवले म्हणून तिला तळे म्हणायचे. भाद्रपद-आश्विनात गेलेला सांगेल की, हिरवट पाण्याचे लहानसे तळे आहे आणि त्याच्या काठी दगडधोंड्यांत माणसांची हाडे आणि कवट्या पडलेल्या आहेत. दोघेही खरेच बोलत असतात. बर्फ वितळल्यावाचून रूपकुंड आपले पोट उघडे करीत नाही, आणि ते उघडते तेही वर्षातून जेमतेम दोन-अडीच महिने. आपल्याकडे दारोदार आकाशकंदील लागतात, त्या सुमारास तिथे नव्या बर्फाची चाहूल लागलेली असते.

हे तळे उत्तराखंडात, चमोली जिल्ह्यात, त्रिशूळ शिखराच्या अंगाखाली आहे. उंची सुमारे ५,००० मीटर, आणि व्यास म्हणाल तर अवघा चाळीसेक मीटर. आपल्याकडच्या एखाद्या खेड्याचे गावतळेही याहून ऐसपैस असते. कैलासाला निघालेल्या पार्वतीला तहान लागली, शंकराने त्रिशुळाने हे कुंड उकरले, आणि पाण्यात वाकून पाहताना देवीला आपले रूप दिसले म्हणून हे रूपकुंड, अशी कथा गढवाली माणूस सांगतो.

वाट लोहाजंगवरून निघते. वाण हे शेवटचे मोठे गाव. तिथून ओक आणि बुरांशच्या रानातून चढत गेले की, झाडे एकाएकी संपतात आणि आली व बेदिनी यांची कुरणे लागतात. या कुरणांना तिकडे 'बुग्याल' म्हणतात. मैलोगणती पसरलेले हिरवे गवत, आणि समोर त्रिशूळ व नंदाघुंटी. पुढे घोडालोटनी लागते. नावच सांगते की, घोडा इथून परतायचा. मग पाथरनाचौनी, मग एक दमछाक करणारा चढ आणि त्याच्या माथ्यावर कालू विनायक : काळ्या पाषाणाचा गणपती. मराठी माणसाला इतक्या दूर, इतक्या उंचावर, गणपती बसलेला पाहून जो धीर येतो तो सांगून कळायचा नाही. विनायकापलीकडे भगुवाबासा आणि तिथून शेवटची चढण रूपकुंडाची. त्याही वर जुनारगलीची धारदार खिंड, आणि तिच्या पलीकडे उतरले म्हणजे शिलासमुद्र आणि होमकुंड.

या वाटेवर खरा अंमल चालतो तो बर्फाचा. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी वादळे या डोंगरांवर थरावर थर रचून जातात. चैत्र-वैशाखात खालची कुरणे मोकळी होऊ लागतात, पण विनायकाच्या वर जून उजाडला तरी बर्फ हटत नाही. आणि हा वसंतातला बर्फ मोठा लबाड. दिवसभर उन्हाने वरचा थर विरघळतो, रात्री आकाश निरभ्र असले की तोच थर गोठून काचेसारखा कठीण होतो. म्हणून भगुवाबासाहून लोक रात्री तीन-चारलाच बॅटऱ्या घेऊन निघत. पहाटेच्या त्या कठीण बर्फावर पाय रुतत नाही, वाटाड्या पुढे कुदळीने पायऱ्या खोदत जातो, आणि त्या पायऱ्यांत पाऊल ठेवीत मंडळी वर चढतात. उन्हाळ्यात जिथे दगडांतून वळसे घेत जावे लागते, तिथे बर्फावरून सरळ चढता येते, हा एक फायदा. पण तोल गेला तर हाच कठीण बर्फ घसरगुंडी होतो, आणि ती थांबते कुठे याचा विचार न केलेला बरा. नऊ-दहा वाजले की बाजू पालटते. बर्फ भुसभुशीत होतो, पाय गुडघ्यापर्यंत आणि कधी मांडीपर्यंत आत जातो, आणि वरून सुटलेले दगड खाली येऊ लागतात. जुनारगलीच्या धारेवर तर वाऱ्याने रचलेल्या बर्फाची वळचण पुढे आलेली असते. वरून पाहणाऱ्याला ती जमीन वाटते आणि तिच्याखाली नुसती हवा असते. सकाळी उशिरा उठणाऱ्यांसाठी ही वाट नव्हे, एवढे म्हणून पुढे जाऊ.

१९४२ साली वनखात्यातील हरिकिशन मधवाल नावाचे रेंजर या तळ्यापाशी आले आणि त्यांना ती हाडे दिसली. एक-दोन नव्हे, काहीशे माणसांची. साल लक्षात घ्या. ब्रह्मदेश जपान्यांनी घेतला होता, आणि हिंदुस्थानच्या पूर्व सीमेवर धास्ती पसरली होती. तेव्हा साहजिकच पहिला तर्क निघाला की, चोरट्या वाटेने येणारी जपानी पलटण बर्फात गारठून मेली असावी. पाहणी झाल्यावर हाडे जुनी आहेत हे उघड झाले आणि जपानी बिचारे सुटले. मग आळ आला जम्मूच्या जनरल जोरावरसिंगाच्या फौजेवर. १८४१ साली तिबेटात ऐन हिवाळ्यात या शूर सेनापतीचा अंत झाला, त्याची फौज धुळीला मिळाली. तिचाच एखादा जथा वाट चुकून इकडे आला असेल, असे अनेकांना वाटले. पण हत्यारांचा पत्ता नाही आणि हाडांत बायकांची हाडे आहेत. या दोन गोष्टींनी तोही तर्क लंगडा पडला. पलटणीत बांगड्या कशाला असतील? रूपकुंडाला बांगड्या सापडल्या, चामड्याच्या चपला सापडल्या, आणि बांबू व भूर्जपत्राच्या मोडक्या छत्र्या सापडल्या.

त्या छत्र्यांकडे मला वाटते सगळ्यांनी अधिक लक्ष द्यायला हवे होते. कारण गढवालात बाराएक वर्षांनी एकदा नंदादेवीची राजजात निघते. जात म्हणजे यात्रा. आपल्या 'जत्रा' या शब्दाची ती सख्खी बहीण. नंदा ही हिमालयाची लेक. ती माहेराहून सासरी, म्हणजे कैलासावर शंकराकडे निघते, आणि गावेच्या गावे तिला पोचवायला जातात. नौटी गावातून निघालेली ही यात्रा सुमारे २८० किलोमीटर अनवाणी चालून होमकुंडापर्यंत जाते. पुढे चालतो चार शिंगांचा मेंढा, आणि त्याच्यामागे देवीच्या पालख्या व वेताबांबूच्या छत्र्या. या छत्र्यांना 'छंतोली' म्हणतात. वाट जाते ती वाण, बेदिनी, कालू विनायक, रूपकुंड आणि जुनारगली यांवरूनच. लेक सासरी निघाल्याची ती गाणी बायका गातात तेव्हा रडतात. आपल्याकडे गौरींना निरोप देताना ज्यांचा गळा दाटतो त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

त्याच गाण्यांत कनोजच्या जसधवल राजाची गोष्ट आहे. राजा राणी बलंपेसह यात्रेला निघाला, पण यात्रेचे सोवळे त्याने पाळले नाही. बरोबर नाचणाऱ्या बायका घेतल्या; देवीने त्यांना जमिनीत गाडून शिळा केले, ते ठिकाण पाथरनाचौनी. वर राणी बाळंत झाली आणि देवीचे अंगण विटाळले. तेव्हा नंदेने लोखंडासारख्या गारांचा मारा केला आणि राजाचा लवाजमा रूपकुंडात लोटला. १९५० नंतरच्या दशकात स्वामी प्रणवानंद या कैलासमानसच्या जाणत्या यात्रिकाने तळ्यावर पुन:पुन्हा जाऊन अभ्यास केला, आणि ही हाडे याच राजाच्या परिवाराची असे मत मांडले. १९५६ साली मानववंश सर्वेक्षण संस्थेने कलकत्त्याहून मोहिमा काढल्या. पहिलीला बर्फाच्या वादळाने अर्ध्यावरून माघारी लावले. दोनेक महिन्यांनी दुसरी पोचली. बर्फाने परवानगी दिली तेव्हाच शास्त्राला आत शिरता आले, असेच म्हणायचे.

पुढे अर्धशतकाने हा धागा पुण्यात आला. डेक्कन कॉलेजातील डॉ. सुभाष वाळिंबे आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ च्या मोहिमेतून आलेल्या हाडांची तपासणी केली. काही कवट्यांवर वरून बसलेल्या बोथट, गोल आघाताच्या खुणा होत्या, आणि त्या भरून आलेल्या नव्हत्या. तलवारीचा घाव नाही, दरड कोसळून चेचलेले अंग नाही. मग वरून गोल असे काय पडते? गारा! ऑक्सफर्डला केलेल्या कालमापनातून इ. स. ८५० च्या आसपासचा काळ निघाला. बाराशे वर्षांपूर्वीची गाणी खरी ठरली असे वाटून वर्तमानपत्रे हरखून गेली. त्याच सुमारास हैदराबादच्या प्रयोगशाळेतून आणखी एक बातमी फुटली : काही हाडांतील आनुवंशिक खूण महाराष्ट्रातील चित्पावनांत आढळणाऱ्या खुणेशी जुळते. मग काय, कोकणस्थ मंडळी नवव्या शतकात हिमालयात काय करीत होती यावर पुण्यात चर्चेला तोटा राहिला नाही. एक खूण जुळली म्हणून कूळ जुळत नाही, हा सावधपणा अशा वेळी कोणाला सुचतो?

तो सावधपणा शिकवला २०१९ च्या निबंधाने. हैदराबाद, लखनौ, पुणे आणि अमेरिकेतील हार्वर्ड येथील संशोधकांनी मिळून ३८ व्यक्तींच्या हाडांतील डीएनए वाचला. पुण्याच्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठी यांनी केलेला हाडांचा अभ्यास यात होताच. निघाले ते असे. ३८ पैकी २३ जण भारतीय उपखंडातले, पण एका गावचे किंवा एका जातीचे नव्हेत. चहूकडून आलेले, आणि तेही एकाच दिवशी मेलेले नसावेत, कारण त्यांच्या तारखा सातव्या ते दहाव्या शतकांत पसरल्या आहेत. एक जण आग्नेय आशियाकडचा. आणि उरलेले १४ थेट भूमध्य समुद्राकाठचे. आजच्या माणसांत त्यांना सर्वांत जवळचे म्हणजे ग्रीसमधले, त्यातही क्रीट बेटावरचे लोक. त्यांचा मृत्यू झाला इ. स. १८०० च्या मागेपुढे, म्हणजे आधीच्या मंडळींनंतर सुमारे हजार वर्षांनी. यांच्यात कोणी कोणाचे जवळचे नातलगही नाहीत, आणि साथीच्या रोगाचा पुरावा नाही.

हजार वर्षांच्या अंतराने, जगाच्या दोन टोकांची माणसे, चाळीस मीटरच्या एकाच डबक्याकाठी! त्या काळी इकडे दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई होती, तिकडे गढवालवर १८०४ ते १८१५ गोरख्यांचा अंमल होता. अशा मुलखात चौदा परके स्त्रीपुरुष येतात, डोंगर चढतात आणि नाहीसे होतात. त्यांची ओळख पटवणारा एकही कागद अजून सापडलेला नाही.

गारांची उपपत्ती आता सगळ्यांना पुरत नाही, हे कबूल केले पाहिजे. तशा भरून न आलेल्या जखमांच्या कवट्या मोजून तीन. पण म्हणून गाणी खोटी ठरली असे मला वाटत नाही. माझा तर्क वाटेच्या ऋतूवरून जातो. छत्र्या आणि बांगड्यांसह बायकामाणसे वसंतातल्या त्या काचेसारख्या बर्फावरून कोणी नेणार नाही. ती गेली असली पाहिजेत आजच्या राजजातीप्रमाणे पावसाळ्याअखेर, वाट उघडी असताना. आणि नेमका हाच काळ फसवा. उघड्या दगडांवर, सुती वस्त्रांत, अनवाणी माणसे जुनारगलीच्या धारेवर असावीत आणि दोन तासांत आभाळ फिरून बर्फ नि गारा सुरू व्हाव्यात. आडोशाला झाड नाही, गुहा नाही, खाली घसरता उतार, आणि उताराच्या तळाशी ते कुंड. वर कुठेही मेलेला माणूस पुढच्या उन्हाळ्यांत वितळत्या बर्फाबरोबर सरकत तिथेच यायचा. दोन-तीनशे वर्षांत असे चार-पाच वेळा घडले असेल, तर त्या सगळ्यांतून एकच गाणे उरले असेल. १४ परक्यांचे मात्र कोडे या तर्कानेही सुटत नाही. आणि हाडे जागची जागी नाहीत. दरडींनी, गोठत्या-वितळत्या बर्फाने ती इतकी उलटीपालटी केली आहेत की, कोण कोणाच्या शेजारी पडला होता हे आता कळणे नाही.

बर्फाने केले त्याहून अधिक माणसांनी केले. रूपकुंडची वाट लोकप्रिय झाली, उन्हाळ्यात तंबूंच्या रांगा लागू लागल्या, आणि आठवण म्हणून लोक कवटीचा तुकडा, बोटाचे हाड पिशवीत घालून घरी नेऊ लागले. कोणाच्या दिवाणखान्यातील कपाटात क्रीटची एखादी अनामिक बाई पडली असेल, देव जाणे. शेवटी ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामास बंदी केली. ती गवत वाचवण्यासाठी होती, हाडांसाठी नव्हे; पण वाणहून निघून एका दिवसात रूपकुंड गाठून परतणे होत नाही, तेव्हा बंदीचा आडोसा हाडांनाही मिळाला.

नंदेची जात मात्र तिच्या गतीने चालत आली आहे. २०१३ ची यात्रा त्या जूनमधल्या केदारनाथच्या प्रलयामुळे राहिली आणि २०१४ च्या भाद्रपदात निघाली. हजारो माणसे कुंडाच्या काठावरून गेली, जुनारगली ओलांडून उतरली. होमकुंडाला पूजा झाल्यावर चार शिंगांच्या मेंढ्याच्या पाठीवर देवीचे दागिने आणि भेटवस्तू बांधतात आणि त्याला त्रिशुळाकडे एकटा सोडून देतात. तो बर्फाच्या दिशेने चालू लागतो. त्याच्यामागे कोणी जात नाही.