तबकडी वाचणारा लेखनिक : घरातील सीडी-संग्रहाचे जतन

१०८६ साली इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याच्या आज्ञेने गावोगावची जमीन, नांगर, पाणचक्क्या यांची मोजदाद होऊन ती चर्मपत्रांवर उतरविण्यात आली. ‘डूम्सडे बुक’ म्हणून प्रसिद्ध असलेले हे दफ्तर आज लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. लॅटिन आणि तत्कालीन लेखनातील संक्षेप जाणणारा अभ्यासक ते आजही वाचू शकतो.

त्याच्या नऊशेव्या वर्षानिमित्त, १९८६ साली, बीबीसीने नवे डूम्सडे तयार केले. शाळकरी मुलांसह दहा लाखांहून अधिक लोकांनी आपापल्या परिसराच्या नोंदी आणि छायाचित्रे पाठविली. हे सारे लेझरडिस्क जातीच्या दोन मोठ्या तबकड्यांवर साठविले गेले. त्या वाचण्यास फिलिप्सचा खास प्लेअर आणि बीबीसी मास्टर संगणक लागे. अवघ्या सोळा वर्षांत, २००२ च्या सुमारास, तबकड्या बऱ्या स्थितीत असूनही चालू यंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या ‘कॅमिलिऑन’ प्रकल्पाला त्या जुन्या संगणकाचे सोंग वठविणारी आज्ञावली लिहून ही सामग्री पुन्हा पडद्यावर आणावी लागली.

मराठी घरांतील कपाटे आज याच वळणावर आहेत. लग्नामुंजीच्या डीव्हीडी, नाटकांच्या व्हीसीडी, अभंगांच्या ऑडिओ सीडी कपाटात आहेत. पण नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. मग ‘कोणताही एक यूएसबी ड्राइव्ह आणू आणि सगळे कॉपी करू’ असा विचार होतो. तो का अपुरा आहे, हे समजण्यासाठी सीडीच्या जन्माकडे जावे लागते.

सीडी १९८२ साली जपानमध्ये विक्रीस आली. सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून ठरविलेल्या मानकानुसार प्रत्येक वाहिनीच्या आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असे. तबकडीवर ओरखडे पडणार, हे शिल्पकारांनी गृहीतच धरले होते. म्हणून लगतची माहिती सलग न लिहिता दूरवर विखुरली गेली आणि तिच्या जोडीला पडताळ्याचे आकडे ठेवले गेले. त्यामागचे गणित अर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० सालीच मांडले होते. या रचनेमुळे सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा खंडसुद्धा पूर्णपणे भरून निघतो.

खंड त्याहून मोठा असेल, तर प्लेअर मागचा आणि पुढचा नमुना पाहून मधला अंदाजाने बसवितो. ऐकणाऱ्याच्या कानाला ते बहुधा कळतही नाही. गाणे ऐकण्यासाठी ही सोय उत्तमच. जतनासाठी मात्र ती घातक आहे. कागदास वाळवी लागली असेल, तर सचोटीचा संपादक त्या जागी टिंबे देतो. दुसरा एखादा नकलाकार पदरचे शब्द घालून ओळ पुरी करतो आणि त्याविषयी चकार शब्द काढत नाही. ऑडिओ सीडी वाचणारा ड्राइव्ह या दुसऱ्या जातीचा असू शकतो.

संगणकासाठी सीडी-रॉम आली तेव्हा हे चालण्यासारखे नव्हते, कारण हिशेबाच्या फाइलमधील आकडा अंदाजाने बसविता येत नाही. म्हणून २,३५२ बाइटच्या प्रत्येक सेक्टरमध्ये २,०४८ बाइटच मजकुरास दिले गेले आणि उरलेली जागा मुख्यतः पत्ता व दुसऱ्या पडताळ्यासाठी राखली गेली. त्यामुळे डेटा सीडी एक तर अचूक वाचली जाते किंवा उघडपणे अडते.

१९९३ साली आलेल्या व्हीसीडीने उलट दिशा धरली. जास्त चित्रफीत मावावी म्हणून तिच्या सेक्टरमध्ये २,३२४ बाइट मजकुरास मिळाले आणि दुरुस्तीचा तो जादा थर गळाला. भारतात याच व्हीसीडीचा सुळसुळाट झाला. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना विकण्यास सुरुवात केली, तेव्हा तर भाड्याने आणण्याचेही कारण उरले नाही. ती कंपनी पुढे दिवाळखोरीत गेली. तिच्या तबकड्या अजून घरोघरी आहेत, आणि दिसायला डेटा सीडीसारख्या असल्या तरी ओरखडा सोसण्याची त्यांची ताकद कमी आहे.

लेखनिकाची सचोटी तपासण्याचे उपाय १९९० च्या दशकाच्या अखेरीस निघाले. विंडोजवर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ आणि लिनक्सवर ‘सीडीपॅरानॉइया’ या आज्ञावली तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून वाचने जुळतात का ते पाहू लागल्या. येथे एक गंमतीदार अडचण आली. अनेक ड्राइव्ह दुसऱ्यांदा विचारल्यावर तबकडीकडे न पाहता आपल्या स्मृतीतलेच उत्तर परत देत! साक्षीदाराने पहिलीच जबानी घोकून म्हणावी, तसा हा प्रकार. त्यामुळे आज्ञावल्यांना आधी ती स्मृती पुसण्याच्या युक्त्या शोधाव्या लागल्या. शिवाय प्रत्येक मॉडेल ऑडिओ ठरावीक नमुने आधी किंवा नंतर वाचावयास सुरुवात करते. हा फरकही नोंदवून वजा करावा लागतो.

त्या काळात ‘प्लेक्स्टर’ या जपानी नाममुद्रेच्या ड्राइव्हना जाणकारांत मान मिळाला, तो याच प्रामाणिकपणामुळे. कोठे दुरुस्ती जमली नाही हे ते नीट कळवीत. या खुणेला ‘सी-२’ म्हणतात. जुने प्लेक्स्टर आजही शोधून घेतले जातात. मात्र त्यांतील बरेच आयडीई जोडणीचे आहेत आणि लेझर थकलेला असण्याचा धोका असतो. ऑडिओ सीडी मोजक्याच असतील, तर या मोहात पडण्याची गरज नाही.

सामान्य संग्रहासाठी डेस्कटॉपमध्ये बसतो तसा सव्वापाच इंची सॅटा ड्राइव्ह मुख्य मानावा. तो स्वतंत्र वीजपुरवठ्याच्या बाह्य डब्यातही बसविता येतो. सी-२ खुणा देणारे मॉडेल निवडावे आणि वेग मुद्दाम कमी ठेवावा. ५२ पटीच्या वेगाने सीडी मिनिटाला सुमारे दहा हजार फेरे घेते. किंचित वाकडी तबकडी तेथे थरथरू लागते. लॅपटॉपचा सडपातळ यूएसबी ड्राइव्ह दुय्यम म्हणून पुरेसा आहे. तो वेगळ्या कंपनीचा असल्यास अधिक बरे, कारण एका ड्राइव्हला न वाचता आलेला सेक्टर दुसऱ्याला पुष्कळदा वाचता येतो. डेटा सीडी आणि कुलूप नसलेल्या डीव्हीडींसाठी ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ ही आज्ञावली वाचलेल्या आणि राहिलेल्या भागांचा नकाशा ठेवते. तोच नकाशा घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर केवळ उरलेले सेक्टर मागता येतात. एकाच पोथीच्या दोन खंडित प्रतींवरून पाठ सिद्ध करण्यासारखेच हे काम.

दोन ड्राइव्हचा आणखी एक उपयोग विदेशी डीव्हीडींसाठी होतो. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडले गेले. भारत पाचव्या विभागात, अमेरिका पहिल्या. ड्राइव्हचा विभाग बहुधा पाचच वेळा बदलता येतो आणि मग तो कायमचा ठरतो. अमेरिकेतील नातेवाइकांनी धाडलेल्या डीव्हीडी असतील, तर एक ड्राइव्ह पहिल्या विभागावर ठेवून द्यावा.

क्रम ठरविताना कारखान्यात छापलेल्या तबकड्या मागे ठेवाव्यात. घरी किंवा स्टुडिओत ‘जाळलेल्या’ सीडी-आर आणि डीव्हीडी-आर आधी घ्याव्यात. त्यांतील नोंद रंगद्रव्याच्या थरात असते आणि ऊन व उष्णता यांनी ते द्रव्य बिघडते. सीडीची खरी नाजूक बाजू वरची, म्हणजे नाव लिहिण्याची. परावर्तक थर तेथे लाखेच्या पातळ लेपाखालीच असतो. म्हणून स्टुडिओने चिकटविलेला कागद ओढून काढू नये. पुसताना मऊ कापड मध्यापासून कडेकडे न्यावे, गोलगोल नव्हे.

सीडी आणि डीव्हीडींच्या फाइली ओढून न घेता संपूर्ण तबकडीची प्रतिमा घ्यावी. व्हीसीडीच्या बाबतीत तर सेक्टर पूर्ण २,३५२ बाइटांनिशी उतरविणारा प्रकारच निवडावा. प्रत्येक प्रतिमेचा चेकसम नोंदवावा. न वाचलेल्या सेक्टरांची यादी टाकून देऊ नये; तीच त्या प्रतीतील टिंबे.

घाई अवाजवी नाही. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबविले. लेझरडिस्कच्या हौशी जतनकारांनी तर प्लेअरच्या अर्थ लावण्यावरच विसंबणे सोडले आहे. ‘डूम्सडे डुप्लिकेटर’ नावाचे त्यांचे उपकरण लेझरने टिपलेला कच्चा संकेत जसाच्या तसा उचलते आणि त्याचे वाचन संगणकावर, सवडीने होते. मात्र ते जोडण्यासाठी चालू स्थितीतील प्लेअर लागतोच.