झेवियर गोविंद : यात नाव कोणते?

भाईंदरजवळच्या उत्तनच्या कोळीवाड्यात झेवियर नावाचे पुरुष पुष्कळ भेटतात, आणि तिथल्या ख्रिस्ती कोळ्यांत गोविंद हे आडनावही आहे. समजा, 'झेवियर गोविंद' असे नाव शाळेच्या अर्जावर आले, तर खिडकीतला माणूस थबकेल. गोविंद हे नाव आणि झेवियर हे आडनाव, पोराच्या बापाने रकाने उलटे भरले की काय, असे त्याला वाटेल. भाईंदरमध्ये अशाच एका खिडकीबाहेर मी रांगेत उभा होतो. माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका आईच्या अर्जावर आतल्या गृहस्थांनी पेन्सिलने दोन बाण काढले, शब्दांची अदलाबदल केली आणि "आता बरोबर झालं" म्हणून अर्ज पुढे सरकवला. त्या बाईंनी खोडरबर मागितला, तो मिळाला नाही.

त्या बाणांमागे एक मत आहे आणि ते सुशिक्षितांत चांगलेच रुजलेले आहे. नाव मुलाचे, आडनाव घराण्याचे. आडनावाचे नाव करणे म्हणजे साहेबाची नक्कल, आपल्या परंपरेला ते मान्य नाही, शिवाय अशा नावावरून मुलगा की मुलगी तेही कळत नाही, असे हे म्हणणे. हा पूर्वपक्ष मला मुळातूनच चुकीचा वाटतो.

झेवियर या शब्दापासूनच पाहू. 1506 साली स्पेनजवळच्या नवार राज्यात जन्मलेल्या संत फ्रान्सिस झेवियर यांचे वडील जासो घराण्यातले होते. झेवियर ही आईच्या माहेरची गढी. तिचे नाव बास्क भाषेतल्या 'नवे घर' या अर्थाच्या शब्दांवरून आले. म्हणजे आपल्या भाईंदर पूर्वेचे नवघर, अगदी तेच. 1542 मध्ये फ्रान्सिस गोव्यात आले, 1622 मध्ये संतपदाला पोहोचले, आणि भक्तांनी मुलांना नुसते फ्रान्सिस न म्हणता झेवियरही म्हणायला सुरुवात केली. वास्तूचे नाव घराण्याला मिळाले, घराण्याचे संताला, संताचे उत्तनच्या पोराला. शतकानुशतकांच्या भक्तीने घडवलेल्या या नावाला खूळ कसे म्हणायचे?

आता खाडी ओलांडून वसईत जाऊ. तिथे जन्मलेले गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाले आणि 1862 मध्ये संत म्हणून घोषित झाले. गोन्सालो हे नाव, गार्सिया हे आडनाव, असे आपण धरतो. पण गार्सिया हे त्याच नवारच्या जुन्या राजांचे पाळण्यातले नाव. आणि गोन्सालो या नावापासून गोन्साल्विस हे आडनाव झाले, म्हणजे गोन्सालोचा वंशज. फर्नांडिस हा फर्नांडोचा, रॉड्रिग्ज हा रॉड्रिगोचा. इंग्रजीतले विल्सन आणि नेल्सन याच चालीचे, विलचा मुलगा आणि नीलचा मुलगा. आज उत्तन-डोंगरीत एखादा मुलगा नेल्सन म्हणून हाक मारला जातो, तेव्हा आडनावात अडकलेले नाव परत नावाच्या जागी येते. गोविंदाचा प्रवास उलट दिशेचा. तो पुढून मागे गेला.

हे ख्रिस्ती लोकांचे झाले, आमच्यात असे नसते, असे कोणी म्हणेल. मीरा रोडच्या कुठल्याही इमारतीतल्या नावांच्या फळीवर शर्मा, वर्मा, गुप्ता सापडतात. हे तिन्ही शब्द मुळात नावांचेच शेवट होते : विष्णुशर्मा, भास्करवर्मा, चंद्रगुप्त. मराठीत हरदास घ्या. नागपूरचे व्याख्याते बाळशास्त्री हरदास यांचे ते आडनाव, आणि 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते त्या कामठीच्या बाबू हरदास लक्ष्मण नगराळे यांचे ते पाळण्यातले नाव. शब्द एकच, मुलूखही एकच. परंपरेचेच बोलायचे तर आश्वलायन गृह्यसूत्र मुलाच्या नावात सम अक्षरे आणि मुलीच्या नावात विषम अक्षरे सांगते. आडनावाला वगळा असे सांगत नाही. धर्मशास्त्राने बारशाला मासनाम, नक्षत्रनाम आणि देवतानाम यांच्या जोडीला व्यवहारनामही सांगितले.

मुलगा की मुलगी हा आक्षेप तर अगदी तकलादू. किरण आणि शशी ही नावे आपण दोघांनाही ठेवतो आणि कुणाचे काही अडत नाही. शर्ली हे मूळचे गावाचे नाव, मग आडनाव. शार्लट ब्रॉन्टीने 1849 च्या कादंबरीत मुलगा हवा असलेल्या आईबापांच्या मुलीला ते दिले, आणि पुढे ते मुलींचेच झाले. आज वसई-उत्तनच्या बाजूला शर्ली म्हटले की बाईच डोळ्यांपुढे येते.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. आडनावातून जात कळते. तेच पुढे आणले तर जातही पुढे येईल. देशमुखी-पाटीलकीचे मोठेपण मुलाच्या नावात मिरवू नये, हे मला मान्य आहे. पण आडनाव जात सांगते ते बापाकडून वारशाने येते म्हणून. नाव म्हणून निवडले की तो धागा तुटतो. तमिळनाडूचे नेते के. एन. नेहरू काश्मिरी पंडित ठरत नाहीत आणि एम. के. स्टॅलिन रशियन ठरत नाहीत. त्या नावांतून फक्त आईबापांचा आदर कळतो.

आणि याच वाटेने आईचे माहेर टिकू शकते. आपल्याकडे लग्नानंतर बाईचे आडनावच नव्हे, तांदळात अंगठी फिरवून नावही बदलले जाई. लेखिका बाळूताई खरे मालती बेडेकर झाल्या. लेखणीने मिळवलेले विभावरी शिरूरकर हे नाव मात्र त्यांचे स्वतःचे होते. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर महाराष्ट्र सरकारने बापाच्या नावाआधी आईचे नाव आणले, हे चांगले झाले. पण तिच्या माहेरच्या आडनावाला त्या ओळीत अजून जागा नाही. एखाद्या घराने ते मुलीचे नाव म्हणून ठेवले, तर मी त्या घराच्या बाजूने उभा राहीन. झेवियरनेही आईच्याच घराचे नाव लावले होते.

खिडकीतल्या बंधू-भगिनींनो, नावाच्या रकान्यात आईबाप सांगतील तोच शब्द लिहा. शंका आली तर विचारा, पण पेन्सिल खाली ठेवून.