हॉपऐवजी हॉप

एका वस्तूच्या जागी दुसरी वापरायची, तर पहिली वस्तू नेमके कोणते काम करते हे आधी ठाऊक हवे. बिअरमधील हॉपचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

हॉप ही भांगेच्या कुळातील वेल. तिच्या मादी फुलांच्या शंकूसारख्या तुऱ्यांत पिवळसर, चिकट राळ असते. हॉप रूढ होण्यापूर्वी युरोपात बिअरमध्ये यारोसारख्या रानवनस्पतींचे मिश्रण घालत. हॉपमुळे पेये टिकतात, ही नोंद बाराव्या शतकात जर्मनीतील हिल्डेगार्ड या जोगिणीने केली होती. बव्हेरियात १५१६ साली बिअरसाठी बार्ली, हॉप आणि पाणी एवढेच वापरावे असा हुकूम निघाला. इंग्लंडमध्ये १७१० साली हॉपवर कर बसला. हा कर बुडू नये म्हणून धंदेवाईक बिअरवाल्यांना हॉपऐवजी दुसरी कडू वनस्पती वापरण्यास मनाई झाली. १८६२ साली तो कर उठला.

हॉपची कामे कोणती? माल्टच्या गोड काढ्यात हॉप सुमारे तासभर उकळली, की राळेतील ह्युम्युलोनच्या रेणूतील अणूंची फेरमांडणी होऊन आयसोह्युम्युलोन बनते. ते कडू असते आणि दुग्धाम्ल तयार करणाऱ्या जीवाणूंना आवर घालते. हॉपला वास असतो तो तिच्यातील तेलांचा. ही तेले उकळताना उडून जातात; म्हणून वासासाठीची हॉप शेवटी घालतात.

अमेरिकेत घरी बिअर बनवण्यास संघीय कायद्याने १९७८ साली मोकळीक मिळाली. हवी ती जात मिळाली नाही, तर असा हौशी माणूस कडवटपणाचा हिशेब सहज करू शकतो. ५ टक्के आम्लाची हॉप ४० ग्रॅम लागत असेल, तर १० टक्क्यांची २० ग्रॅम पुरते. वर्गात व्यस्त प्रमाण शिकवताना हे उदाहरण उपयोगी पडेल.

वासाचे मात्र असे गणित जमत नाही. १९७०च्या दशकात जर्मनीतील नामांकित हॅलरटाउ जातीवर बुरशीजन्य मर रोग पडला आणि तिचे भाव चढले. अमेरिकेतील ऑरेगन येथे पैदा केलेली, १९७२ साली प्रसारित झालेली ‘कॅस्केड’ ही जात तिला पर्याय म्हणून पुढे आली. दोघींच्या आम्लाच्या प्रमाणात फारसे अंतर नव्हते. पण हॅलरटाउच्या तेलात ह्युम्युलीन अधिक, तर कॅस्केडच्या तेलात मिर्सीन. त्यामुळे कॅस्केडच्या बिअरला पपनसाच्या जातीच्या फळासारखा वास येई.

हॅलरटाउची नक्कल म्हणून कॅस्केड अपुरी ठरली. हाच वास काहींना मात्र आवडला. घरगुती बिअरच्या सामानाचे दुकान चालवणाऱ्या केन ग्रॉसमन यांनी कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा कंपनी काढली आणि तिच्या पेल एलमध्ये कॅस्केडच वापरली. पुढे अमेरिकन पेल एलची ओळखच या वासाने झाली. आता त्या बिअरसाठी कॅस्केड मिळाली नाही, तर कॅस्केडलाच पर्याय शोधावा लागतो!