किलोबॉट
यंत्रमानवांच्या मोठ्या समूहाच्या सहकारी नियंत्रणाचा अभ्यास करण्यासाठी हार्वर्ड विद्यापीठात राधिका नागपाल व मायकेल रुबेनस्टाइन यांच्या गटाने विकसित केलेला छोटा यंत्रमानव. व्यास सुमारे ३.३ सेंमी. चाके नाहीत, दोन कंपन-मोटारींच्या थरथरीने तो तीन ताठ पायांवर सरकतो. टेबलावरून परावर्तित होणाऱ्या अवरक्त प्रकाशाने तो जवळच्यांशी संदेश देवघेव करतो आणि प्रकाशाच्या तीव्रतेवरून अंतर ताडतो.

२०१४ मध्ये १,०२४ किलोबॉटांनी तारा, पाना असे आकार साकारले. मध्यवर्ती नियंत्रक नव्हता. हव्या आकाराचा नकाशा प्रत्येकाला आधीच दिलेला असतो. चार बीज-किलोबॉट आरंभबिंदू ठरवतात, बाकीचे समूहाच्या कडेने सरकत आपली जागा शोधतात. वेग मात्र गोगलगायीचा : एका आकाराला सुमारे १२ तास. एखादा अडला की मागे कोंडी होते. म्हणून शेजाऱ्यांनीच बिघाड ओळखण्याची सोय आज्ञावलीत आहे.